मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये गाडीला गाडी लागली : चूक कोणाची आणि पैसे कोणाचे?

मोगरा_१३ | सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार. लिखाण जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला मत देता येणार नाही.

काल सोलापुरात होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मामेभावाचं लग्न होतं. जेवणं उरकून पावणेतीनच्या सुमारास आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी आई, मागे मुलगा. शेजारच्या मोकळ्या जागेत फक्की मारून गाड्यांच्या रांगा आखल्या होत्या. दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून, मध्ये जेमतेम दीड गाडी जाईल एवढी वाट. मी रिव्हर्स घेत अर्धीअधिक बाहेर आले, तेवढ्यात समोरच्या रांगेतल्या पांढऱ्या मोठ्या गाडीचा रिव्हर्सचा दिवा लागलेला दिसला. मी ब्रेक दाबला, हॉर्न दिला. ती गाडी येतच राहिली आणि माझ्या उजव्या कोपऱ्यावर बसली. टेललाइट फुटला, बंपरचा कोपरा आत गेला. त्यांच्या मागे लोखंडी गार्ड आहे, त्यावर फक्त माझ्या गाडीचा लाल रंग लागला.

गाडी के.ए. २८, विजापूरची. मुलीकडचे पाहुणे. गृहस्थ साधारण पंचावन्नचे, बोलायला सभ्य, पण पहिलं वाक्य हेच की "मॅडम, तुम्ही बघून घ्यायला पाहिजे होतं." मी म्हटलं मी उभी होते. ते म्हणाले दोघंही मागे येत होतो. लगेच माणसं जमली. आमच्याच एका नातेवाइकांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई चालवत होती ना, मग काय विचारता." मोठे काका म्हणाले, लग्नघर आहे, वाढवू नका. कोणीतरी आहेराच्या पाकिटाच्या मागे लिहिलं, "दोघांच्या चुकीने गाड्या लागल्या, कोणाचीही तक्रार नाही." त्यांनी सही केली. मीही केली. आई उन्हात उभी होती, मुलगा घाबरला होता, मला तिथून निघायचं होतं.

आज शोरूमने साडेसतरा हजारांचा अंदाज दिलाय. माझी पॉलिसी फुल आहे, पण झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीत घट न धरण्याची सोय, त्यात नाही. २०२१ ची गाडी, एकही क्लेम नाही, सध्या ४५ टक्के बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात सूट, चालू आहे. त्या गृहस्थांचा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा आहे असं त्यांनीच सांगितलं. फोटो काढलेत, पण सगळे फुटलेल्या टेललाइटचे, जवळून. दोन्ही गाड्या कुठे उभ्या होत्या ते दिसेल असा एकही नाही.

माझी चूक होती का? आणि नसेल तर खर्च मी का सोसायचा?

---

लष्करवाला | सोमवार, ९.३२

ताई, क्लेम टाका आणि मोकळ्या व्हा. एवढा हप्ता भरतो तो कशासाठी? परगावच्या माणसामागे कुठं फिरत बसणार?

---

वळसंग_पुढे | सोमवार, ९.५०

दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये असतील तर निम्मी-निम्मी चूक, असंच सगळीकडे धरतात. त्यात तुम्ही सही केली. आता विषय संपला असं मला वाटतं. कडू बोलतोय, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही.

---

सर्व्हेतला_माणूस | सोमवार, १०.४०

मी तीस वर्षं विम्यासाठी गाड्यांच्या नुकसानीचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे. ताई, तुम्ही दोन प्रश्न एकात घातलेत आणि जमलेल्या माणसांनीही तेच केलं. ते आधी वेगळे करू.

पहिला प्रश्न तुमच्या स्वतःच्या कंपनीचा. फुल पॉलिसीत दोन भाग असतात, एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा आणि एक थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीच्या भागात चूक कोणाची हे कंपनी बघत नाही. तुम्ही स्वतः भिंतीला गाडी लावली तरी ती पैसे देते आणि कोणी येऊन ठोकली तरी देते. लायसन्स चालू होतं का, दारू प्यायलेली नव्हती ना, सांगितलेली हकीकत आणि नुकसान जुळतं का, एवढं बघतात. म्हणजे त्या पाकिटावर काय लिहिलंय यावर तुमचा स्वतःचा क्लेम अडत नाही.

पण बोनससुद्धा चूक कोणाची हे बघत नाही, आणि खरा अन्याय इथं आहे. चूक समोरच्याची असली तरी क्लेम तुम्ही घेतला की बोनस तुमचा जातो. लोकांना हे नूतनीकरणाच्या वेळी कळतं.

दुसरा प्रश्न समोरच्याकडून वसुलीचा. तिथं चूक कोणाची हे ठरवावंच लागतं. आणि वळसंगवाले म्हणतात ते निम्म्या-निम्म्याचं सूत्र दोन्ही गाड्या लागण्याच्या क्षणी चालत्या असतील तेव्हाचं आहे. एक गाडी थांबलेली असेल तर गोष्ट बदलते. रिव्हर्स घेणाऱ्याने मागे कोणाला धोका नाही याची खात्री करूनच गाडी मागे घ्यायची, असं २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमावलीत आहे. ही जबाबदारी तुमच्यावरही होती आणि त्यांच्यावरही. तुम्ही ती थांबून पाळली असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही किती वेळ थांबला होतात. ठोकर बसता बसता ब्रेक दाबला तर त्याला थांबणं म्हणत नाहीत. तीन-चार सेकंद उभ्या असाल, समोरच्याला आरशात दिसायला वेळ मिळाला असेल, तर ती उभी गाडी.

एक कळकळीची सूचना. उद्या कोणी म्हणेल की क्लेम फॉर्मवर चालक म्हणून तुमच्या यजमानांचं नाव घाला. अजिबात घालू नका. सरळ मिळणारा क्लेम एवढ्या एका खोट्या ओळीने बुडालेला मी कितीदा पाहिलाय.

---

चाटीगल्ली_वहिनी | सोमवार, ११.०५

मोगरा, विम्यातलं मला फारसं कळत नाही, पण त्या "बाई चालवत होती" वाक्याने आज झोप येणार नाही. मी सोळा वर्षं गाडी चालवतेय. माझ्या बंद उभ्या गाडीला टेम्पोने ठोकलं तेव्हाही पहिला प्रश्न मलाच होता, "तुम्ही नीट लावली होती ना?" हे वाक्य आलं की आपण आपोआप एक पाऊल मागे घेतो आणि पुढं केलेल्या कागदावर सही करून मोकळ्या होतो. तू उभी होतीस असं तुला आठवतंय ना? मग ते सोडू नकोस.

---

पत्रा_आणि_पुट्टी | मंगळवार, सकाळी ७.२०

मी डेंटिंगचं काम करतो, अक्कलकोट रोडला. मॅडम, गाडी अजून धुतली नसेल तर धुऊ नका आणि कोपरा सरळ करून घेऊ नका. आधी बघा.

गाडी उभी असताना मागून दाब आला तर खळगा एका जागी बसतो. प्लॅस्टिक जिथं लागलं तिथंच आत जातं, रंगाला बारीक तडे जातात, ओरखडा आखूड असतो. तुमची गाडी पण चालत असेल, त्यातून वळत असेल, तर रंग ओढला जातो, एका बाजूला लांब पुसल्यासारखा. त्यांच्या गार्डवर तुमचा लाल रंग ठिपक्यासारखा लागलाय की पट्ट्यासारखा, ते मला सांगा. त्यांच्या गाडीचा फोटो कोणी काढला असेल तर मागवा. कोर्टात हे किती चालतं माहीत नाही, पण आमच्या दुकानात गाडी आली की ड्रायव्हर काय सांगतो त्याआधी आम्ही पत्रा बघतो.

आणि साडेसतरा हजार शोरूमचा भाव झाला. बाहेर निम्म्यात होतंय. या, चहा प्या, बघून सांगतो. काम दिलंच पाहिजे असं नाही.

---

ॲड_उत्तरकसबा | मंगळवार, १०.३०

मी वकील आहे. कायद्याच्या बाजूने थोडं मांडते.

पार्किंगमध्ये घडलं म्हणून मोटार वाहन कायदा लागू नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. १९८८ च्या कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या लोकांना जिथं जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी जागा, अशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ सालीच तिचा अर्थ रुंद घेतला आहे. आत येणाऱ्यांवर नियंत्रण असलं तरी लोकांची ये-जा असणारी जागा त्यात बसते. लग्नाला आलेल्या शेकडो लोकांसाठी उघडलेलं कार्यालयाचं पार्किंग त्यात धरता येईल, असं माझं मत आहे.

समोरच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, म्हणजे तुमच्यासाठी वाट बंद झाली असंही नाही. तो विमा तुमच्यासारख्यांसाठीच असतो, त्यांच्या दृष्टीने थर्ड पार्टी तुम्ही आहात. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. हप्ता कमी करण्यासाठी कोणी ते सहा हजारांवर आणलेलं असतं, म्हणून त्यांची पॉलिसी बघायला हवी. अडचण एवढीच की ती कंपनी तुम्हाला घरी आणून पैसे देणार नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच होतो. पण साडेसतरा हजारांसाठी तारखा, कागद, सर्व्हे अहवाल, साक्ष? माझ्याकडे कोणी आलं तर मी आधी समजुतीने मिटवायला सांगते, नाहीच जमलं तर लोकअदालत.

आता पाकीट. तुम्ही सही केली याचा अर्थ कायमचे हात बांधले गेले असा होत नाही. कबुली हा पुरावा असतो, पण शेवटचा शब्द नसतो. ती कोणत्या परिस्थितीत दिली आणि ती चुकीची कशी आहे हे दाखवता येतं. मात्र दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही. "तक्रार नाही" हे शब्दही पुढं आणले जातील. म्हणून आज सगळ्यात मोलाचं काय, तर कार्यालयाचा सीसीटीव्ही. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआर यंत्रात जुनं आपोआप पुसलं जातं, कुठं आठवड्यात, कुठं महिन्यात. आजच जा.

इतरांसाठीही लिहून ठेवते. विम्याच्या पॉलिसीत एक अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय आपण जबाबदारी कबूल करायची नाही, कोणाला पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. "माझी चूक" असं लिहून देणाऱ्याला नंतर स्वतःचीच कंपनी प्रश्न विचारू शकते. जागेवर काही लिहायचंच असेल तर तारीख, वेळ, गाड्यांचे नंबर, चालकांची नावं, काय तुटलं, एवढंच लिहा. चूक हा शब्द नको. नाव-पत्ता मात्र द्यायलाच हवा, नुकसान झालेल्याने मागितला तर तो देणं कायद्याने बंधनकारक आहे.

---

बाळे_ते_बार्शी | मंगळवार, ११.१०

पोलिसांत जायला हवं होतं का?

---

ॲड_उत्तरकसबा | मंगळवार, ११.४५

कोणाला इजा नाही, दारू नाही, पळून जाणं नाही. अशा वेळी फार तर अदखलपात्र नोंद होते, नाहीतर स्टेशन डायरीत टिपण. गाडी ठोकून निघून गेली असेल तर मात्र नोंद जरूर करा.

---

सर्व्हेतला_माणूस | मंगळवार, दुपारी १.१५

लष्करवाले म्हणतात तसा क्लेम टाकला तर काय होईल, ते मी कागदावर मांडलं. मोगराताईंनी शोरूमचा अंदाज मला पाठवला, त्यांच्या परवानगीने आकडे देतो.

बंपर ४,८००. टेललाइट ३,२००. रंगकाम ७,०००. मजुरी २,५००. एकूण १७,५००.

झिरो डेप नाही, म्हणजे प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट. बंपरचे २,४०० गेले, टेललाइटचे १,६०० गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात, म्हणजे १,७५०, त्याच्या निम्मे ८७५ गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. असे ५,८७५ वजा. हातात ११,६२५.

आता बोनस. यांच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता साधारण ९,००० आहे. क्लेम न घेता पुढच्या वर्षी ५० टक्के सूट मिळाली असती. क्लेम घेतला तर शून्य, म्हणजे ४,५०० जास्त भरायचे. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, तिथं २,७००. मग २५, तिथं २,२५०. मग ३५, तिथं १,३५०. मग ४५, तिथं ४५०. पाच वर्षांची बेरीज ११,२५०, आणि त्यावर जीएसटी वेगळा. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा खाली येईल. तरी कंपनीकडून आज जे येणार, ते जवळजवळ सगळं पुढच्या पाच वर्षांत परत जाणार.

म्हणून माझं मत असं की एवढ्या खर्चासाठी क्लेम घेऊ नये. हेच नुकसान साठ-सत्तर हजारांचं असतं तर मी क्षणभरही न थांबता क्लेम घ्या म्हटलं असतं.

---

लष्करवाला | मंगळवार, २.०५

काका, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी आठ हजारांसाठी क्लेम घेतला होता, तेव्हा ३५ टक्के बोनस होता माझा. माझा वरचा सल्ला मी मागे घेतो ताई.

---

सैफुल_सोसायटी | मंगळवार, ४.३०

थोडं बाजूचं विचारतो. गेल्या महिन्यात एका दवाखान्यात गाडीची किल्ली तिथल्या माणसाकडे दिली, त्याने लावताना खांबाला घासली. "पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी आहे म्हणून हात वर केले. हे बरोबर आहे का?

---

ॲड_उत्तरकसबा | मंगळवार, ६.१०

किल्ली दिली का, हे बघायचं. तुम्हीच गाडी लावून किल्ली खिशात घालून गेलात तर तिथल्या व्यवस्थापनाची जबाबदारी मर्यादित असते. पण किल्ली त्यांच्या माणसाने घेतली म्हणजे गाडी त्यांच्या ताब्यात, त्यांच्या सांभाळात गेली. दिल्लीतल्या एका हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती, किल्ली हॉटेलच्या माणसाकडे होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसती अशी पाटी लावून किंवा पावतीवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तुमचा खांब त्याच तत्त्वात बसतो. लेखी पत्र द्या, पोच घ्या.

---

मोगरा_१३ | बुधवार, रात्री ८.५०

तुम्हा सगळ्यांचे आभार. आज शाळा सुटल्यावर थेट कार्यालयात गेले. मॅनेजर आधी नाही म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. मग वकीलताईंनी सुचवल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला, तारीख-वेळ घालून, निदान हे चित्रण पुसू नका अशी विनंती केली. तो वाचून ते म्हणाले, बसा मॅडम, बघून घ्या. मोबाइलवर रेकॉर्डही करू दिलं.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं सात सेकंदांनी माझे ब्रेकचे दिवे लागतात आणि गाडी जागेवर थांबते. अकराव्या सेकंदाला त्यांची गाडी येऊन लागते. मधले चार सेकंद माझी गाडी हललेली नाही. ते बघताना मला रडू आलं, खरं सांगते. रविवारपासून मला स्वतःलाच शंका यायला लागली होती की मी खरंच थांबले होते का.

पण चित्रणात आणखीही आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. मी रांगेतून बाहेर येताना फक्कीच्या रेषेपाशी न थांबता एका दमात बाहेर आले आहे. आणि त्यांच्या डाव्या बाजूला वाढप्यांचा टेम्पो उभा होता, त्यामुळे सुरुवातीला त्यांना मी दिसणं कठीण होतं.

---

वळसंग_पुढे | बुधवार, ९.२०

चार सेकंद म्हणजे उभीच गाडी झाली. माझं निम्म्या-निम्म्याचं म्हणणं मी सोडतो. एकच विचारतो, कारण समोरचाही हे विचारेल. चार सेकंद होते तर पुढं का नाही घेतली?

---

मोगरा_१३ | बुधवार, ९.४५

बरं झालं विचारलंत, मी पुन्हा बघितलं. माझ्या पुढच्या बाजूने, मी सोडलेल्या मोकळ्या जागेतून, एक आजी काठी टेकत सावलीकडे निघाल्या होत्या. मला त्या अजिबात आठवत नव्हत्या. पुढं घेतली असती तर काय झालं असतं हा विचार आता करवत नाही.

---

सर्व्हेतला_माणूस | बुधवार, १०.१५

मग प्रश्नच मिटला. ते चार सेकंद तुमचे आहेत. टेम्पो आड होता हे त्यांचं कारण पुरत नाही. दिसत नसेल तर माणूस खाली उतरवून मागे बघायला लावायचं, त्यांच्या गाडीत चार माणसं होती. रेषेपाशी न थांबणं ही तुमच्याकडची उणीव आहे, पण तिच्यामुळे ठोकर बसलेली नाही, कारण त्यानंतर तुम्ही थांबलात. मला कोणी वाटणी विचारली तर मी त्यांच्याकडे ऐंशी टक्क्यांच्या खाली यायचो नाही. हे माझं मत आहे, निकाल नव्हे.

चित्रणाची मूळ प्रत कार्यालयाकडे जपून राहील एवढं बघा. प्रकरण पुढं गेलंच तर मोबाइलवरच्या प्रतीसोबत ती खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

---

कन्ना_चौकातला | बुधवार, १०.४०

ओ मालक, जरा माझं पण ऐका. विजापूरची माणसं आपल्याला परकी नाहीत की. निम्म्या सोलापूरची सोयरीक तिकडं आहे. भांडायच्या सुरात फोन करू नका ताई. आधी व्हिडिओ पाठवा, खाली एकच ओळ लिहा, "बघून घ्या, मग बोलू." माणूस घरच्यांबरोबर बसून बघतो तेव्हा त्याला कळतं. चारचौघांत उभा असताना कोण मान्य करतंय?

---

पत्रा_आणि_पुट्टी | गुरुवार, दुपारी १२.३०

मॅडम येऊन गेल्या. ओरखडा आखूडच आहे, खळगा एका जागी आहे. बंपर बदलायची गरज नाही, कोपरा गरम करून बाहेर काढता येतोय, क्लिपा दोन तुटल्यात त्या नव्या घालू. टेललाइट मात्र कंपनीचाच घ्या, बाहेरच्यात चार महिन्यांत पाणी शिरतं. रंग धरून सगळं ९,२००. शोरूमच्या अंदाजात नवा बंपर धरलाय म्हणून तो वर गेला, ते फसवतात असं मी म्हणत नाही.

---

मोगरा_१३ | रविवार, सायंकाळी ७.१०

काय झालं ते सांगते.

गुरुवारी रात्री कन्ना चौकवाल्या दादांनी सांगितलं तसाच व्हिडिओ पाठवला, तशीच ओळ लिहिली. शुक्रवारी दिवसभर काही नाही. रात्री दहाला त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, मुलाने मला तीन वेळा दाखवलं. तुमचे लाल दिवे लागलेले दिसतात. मी टेम्पोकडेच बघत होतो." मग आपणहून विचारलं, किती झाले?

मी दोन्ही अंदाज सांगितले, शोरूमचा आणि बाहेरचा, आणि बाहेर करून घेणार आहे हेही सांगितलं. ते पूर्ण ९,२०० द्यायला तयार होते. मी सात हजार घेतले. रेषेपाशी न थांबल्याचं माझ्या मनाला लागलेलं आहे, ते दोन हजार दोनशे मी माझे धरले. घरात यावरून थोडी बोलाचाली झाली, आईला ते पटलेलं नाही.

वकीलताईंनी मजकूर करून दिला. तारीख, वेळ, दोन्ही नंबर, काय तुटलं, आणि "उभयतांनी समजुतीने ठरल्याप्रमाणे रु. ७,००० दिले व घेतले, या घटनेबाबत एकमेकांकडे आणखी मागणी नाही." चूक हा शब्द कुठेच नाही. आधीचं पाकीट रद्द समजावं अशीही एक ओळ आहे. ते कंपनीकडे काही मागणार नाहीत आणि मीही नाही, त्यामुळे दोघांच्या पॉलिसीला धक्का नाही. ते आज नव्या सुनेच्या परतवणीसाठी सोलापुरात आले होते, तेव्हा काकांच्या घरी बसून सह्या झाल्या.

सह्या झाल्यावर मी काकांना ते चित्रण दाखवलं. त्या दिवशी "बाई चालवत होती" म्हणणारे नातेवाईकही तिथंच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत बघितलं. बोलले काही नाहीत.

गाडी मंगळवारी मिळेल.

---

चाटीगल्ली_वहिनी | रविवार, ७.३५

मंगळवारी गाडी आणायला मी येते तुझ्याबरोबर. येताना गाडी तूच चालव.